राखणीची बेडकी

८ नोव्हेंबर

आज बेडकी पुन्हा नाल्याच्या चढावर बंद पडली. मी उतरून ढकलली, पाय घसरला, गुडघा फुटला. समोरच्या वावरात निंदायला आलेल्या बाया कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. एकीलाही मदतीला यावेसे वाटले नाही. हसायला मात्र सगळ्यांना जमले.

बेडकी म्हणजे आमची चार जाड चाकांची, हँडलवाली गाडी. किशन तिला एटीव्ही म्हणायचा, गावाने बेडकी केले. एका बंद पडलेल्या रिसॉर्टातून त्याने ती आणली, तिच्यावर बसून खालच्या शिवारातले रोही हाकलायची राखण घेतली आणि मग बेडकी, राखण आणि मला इथे सोडून पुण्याच्या कंपनीत गेला. आता पहाटे एक फेरी आणि सांजेला एक फेरी मीच मारते. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढे जनावर. त्यांचा एक कळप तासाभरात हरभऱ्याचे वावर भुईसपाट करतो.

उतारावर एक्सलेटर सोडले की बेडकीच्या सायलेंसरमधून बार होतो. बंदूक उडाल्यासारखा. परवा अश्वजित त्याच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, दात घासत उभा होता, तो दचकून खाली बसला. "आली वं उज्ज्वलाबाईची फौज!" म्हणाला. लाज वाटते मला. पण एक आहे, मी पोचायच्या आत कळप नाल्यापार झालेला असतो. जनावरांना माणूस ओळखता येतो. गावाला येत नाही.

अश्वजित आमच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष. हरभरा फुलावर आला की तो बैठक घेणार आणि टेकडीकडच्या शिवाराची राखण कोणाला द्यायची ते ठरणार. ती मला मिळाली तर दोघांच्या पोटापुरते काम होते, आणि किशन कंपनी सोडून घरी येतो. हे त्याचेच शब्द आहेत. दिवाळीला येतो हेही त्याचेच शब्द होते, पण तेव्हा ओव्हरटाइम निघाला.

टेकडी म्हणजे सगळा चढच. आणि माझी गाडी नाल्याचा चढ चढत नाही.

१२ नोव्हेंबर

इंद्रभानचे नाव मी इथे सरळ लिहिणार आहे. कागदावर कोण अडवणार? तो माझा भासरा, किशनचा थोरला भाऊ. आमच्यात भासऱ्याशी बोलत नाहीत. तो आला की पदर घ्यायचा, बाजूला व्हायचे, तोंडाला तोंड द्यायचे नाही. त्यानेही भावजयीचे नाव घ्यायचे नाही. सासूबाई होत्या तोवर इकडचा निरोप तिकडे त्या नेत. त्या गेल्या. मग जाऊबाई भागिरथा नेत. पण अंगणात तूर कोणी कुठे वाळवायची यावरून आमचे दोघींचे असे जुंपले की तेव्हापासून ती माझ्या सावलीलाही वळसा घालून जाते. जाऊ दे. मलाही तिच्या सावलीची हौस नाही.

अंगण एकच, चुली दोन. त्यामुळे इंद्रभानला मला काही सुनवायचे असले की तो शेळीला सुनावतो. गोठ्याच्या दारात बसतो, माझ्याकडे पाठ करतो आणि सुरू होतो. त्याचे केनवडच्या रस्त्याला मोटारदुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून जगातल्या सगळ्या यंत्रांची अक्कल आपल्यालाच आहे असा त्याचा समज.

आज शेळीला म्हणाला, "पाह्य वं, प्लगवर करंटच येऊन नाही राह्यलं. कॉइल मेली हाये. वायर तडकली. अर्धं पेट्रोल न जळताच बाहेर जाते अन् सायलेंसरात फुटते. गाडी कशी चढीन? लोकाईले वाटते बंदूक चालवते."

शेळीने शेपटी हलवली. मी भांडी आपटली.

"नवी कॉइल, नवी डबी, चांगला प्लग टाकला त टेकडी काय, मालेगावचा घाट चढते," तो शेळीला म्हणाला.

माझी गाडी बिघडलेली आहे हे गावभर ओरडून सांगायची काय गरज होती? अंगणाबाहेर माणसे जात-येत असतात. टेकडीच्या पायथ्याला त्याचेही वावर आहे. मला सगळे कळते. किशन परत आला की वावराचे दोन वाटे होतील. तो नाही आला तर सगळे इंद्रभानच्याच हाताखाली.

१५ नोव्हेंबर

किशनला फोन केला. गाडीचे सांगितले. म्हणाला, "दादाले टाकू दे ना सामान. तो बरा मेकॅनिक हाये."

"अन् मग येसान ना तुमी?"

"पाहू ना. लाइन चालू हाये, ठेवतो."

पाहू म्हणजे येणार. तो नेहमी असेच बोलतो.

१९ नोव्हेंबर

इंद्रभानने आज दिवसभर अंगणात बेडकी उघडून ठेवली होती. सीटखालची काळी डबी काढून नवी बसवली. तो तिला सीडीआय म्हणतो. ठिणगी कधी पडायची ते ती डबी ठरवते म्हणे. कॉइल नवी, प्लगपर्यंतची जाड वायर नवी, टोपण नवे, प्लग नवा. चेसीला जोडणारी गंजलेली वायर घासून लख्ख केली. हे सगळे मी बघत नव्हते. माझे काम होते अंगणात.

मग त्याने सेल्फ दाबला. पहिल्या बटणाला सुरू! पूर्वी पाच-सहा वेळा खाकरल्याशिवाय ती जागची हलत नव्हती. तो इतका खूश झाला की शेळी गोठ्यात आहे हेही विसरला आणि भिंतीलाच म्हणाला, "म्हन्लं नव्हतं म्या? म्हन्लं नव्हतं?"

भिंत कशाला बोलते.

सांजेला मी नाल्याचा चढ एका दमात चढले. वर जाऊन थांबले, पुन्हा खाली आले, पुन्हा चढले. काही कारण नसताना. उतारावर एक्सलेटर सोडले तरी एकदासुद्धा बार झाला नाही. शिवणयंत्रासारखी मऊ चालते आता. मी गाणे म्हटले. कोणी ऐकले असेल तर ऐको.

टेकडी माझी आहे. किशन येणार.

२६ नोव्हेंबर

खालच्या शिवारात भाऊसिंगच्या हरभऱ्यात रोही घुसले. मी पहाटे वेळेवरच गेले होते. खालच्या धुऱ्याला गाडी वळवली तर कळप वावराच्या मधोमध उभा. पूर्वी मी नाल्याशी असतानाच ते पळत. आज मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हॉर्न वाजवला. मोठा नर दोन पावले सरकला आणि पुन्हा खायला लागला. शेवटी मी अगदी अंगावर गाडी घातली तेव्हा कुठे निघाले, तेही रमतगमत. पाव्हणे जेवण आटोपून निघतात तसे.

भाऊसिंग आला आणि काय काय बोलला. मीही त्याला सोडले नाही. राखणीचे पैसे खाऊन कुंपण झोपा काढते का, असे त्याने विचारले. तू इतका जागा होतास तर तू का नाही हाकलले, असे मी विचारले.

थंडी वाढली की जनावर धीट होते. एवढेच असेल.

३० नोव्हेंबर

पुन्हा तेच. आता दुसऱ्या कोपऱ्यात, कमलीबाईच्या तुरीत. मी जोरात गेले. गाडी आता पळते किती सुंदर! तरी ते उभेच. काल तर एक मादी बेडकीच्या इतक्या जवळ आली की तिच्या नाकातली वाफ दिसली.

परत येताना पाहिले, इंद्रभान टेकडीच्या पायथ्याला दगडावर बसून माझ्याकडेच पाहत होता. पहाटेच्या थंडीत, घोंगडी घेऊन. माझी फजिती पाहायला माणूस अंथरूण सोडून येतो, याला काय म्हणावे?

१ डिसेंबर

आज स्फोट झाला.

मी अंगण झाडत होते. इंद्रभान गोठ्याच्या दारात येऊन बसला, पाठ केली आणि शेळीला म्हणाला, "गाडी त मस्त झाली वं. पण आपलीच एक चूक झाली. पहाटं पाहून राह्यलो मी. रोही जे हायेत ना..."

चूक. माझी चूक, हेच तो आता शेळीला समजावून सांगणार. मी खराटा टाकला. पदर घेतलेला होता, तो तसाच ठेवला, पण आवाज मात्र मोकळा सोडला. "ज्याले काही सांगाचं असंन त्यानं माह्या नवऱ्याले सांगावं! मुक्या जनावराच्या आडून बाईमाणसाले बोलाचं, हे कोण्या गावचं? फोन हाये ना? लावा किशनले. जे हाये ते त्याच्यापाशी बोला. माह्यापाशी नाही, शेळीपाशी नाही, भितीपाशी नाही!"

तो उठला. चपला घालून दुकानात निघून गेला. भागिरथा दारातून माझ्याकडे असे पाहत होती की डोळ्यांनीच विस्तव लावील.

मला बरे वाटले. फार दिवसांनी इतके बरे वाटले.

३ डिसेंबर

किशनचा फोन. म्हणाला, "दादाचा फोन आल्ता."

"काय म्हणे?"

"काही नाही. गाडीचं काहीतरी बटनबिटन. सांगतो मंग."

"माह्या तक्रारी केल्या असतीन."

"तू काहून डोक्स्याले ताप करून घेतं? दादाची सवय हाये तशी. ठेवतो, सुपरवायझर पाहून राह्यला."

झाले. तक्रार केलीच त्याने. मीच सांगितले नवऱ्याशी बोल, म्हणून बोलला, पण बोलला ते माझ्याविरुद्धच.

१० डिसेंबर

भाऊसिंगचे अर्धे वावर गेले. कमलीबाईची तूर गेली. मी आता दोनाच्या चार फेऱ्या करते. डबे बडवते, ओरडते, घसा बसला आहे. गाडी नवरीसारखी नटून चालते आणि एक रोही तिला विचारत नाही.

आज दुपारी भिंतीपलीकडून इंद्रभानचा आवाज आला. फोनवर होता. "सांगितलं का तिले? नाही? अरे काहून नाही सांगितलं? दोन खेपा झाल्या. लवकर सांग बापा, नाहीतं हातची जाईन."

मी भिंतीला कान लावून उभी राहिले. मला काय सांगायचे होते? कोण हातची जाईल? मी? जमीन?

माझ्या मनात एकच उत्तर आले आणि ते आता निघत नाही. किशनने परत येऊ नये असे दोघांत ठरवायचा डाव आहे, आणि किशन मला ते सांगायला धजत नाही. बिचारा किशन. भावापुढे त्याचे कधीच चालले नाही.

संध्याकाळी किशनला विचारले. "दादा काय सांगाले लावून राह्यले तुमाले?"

तिकडे कोणाला तरी तो 'आलो, आलो' म्हणाला. मग म्हणाला, "तू नको लक्ष देऊ."

म्हणजे माझे खरे आहे.

२२ डिसेंबर

बैठक झाली. मारुतीच्या पारावर सगळे जमले. अश्वजित सरळ माणूस आहे, पण सरळ माणसाचे बोलणे जास्त लागते. म्हणाला, "उज्ज्वलाबाई, तुमी मेहनत करून राह्यल्या, कोणी नाही म्हणत नाही. पण अगुदर रोही दिसत नव्हते, आता वावरात मुक्कामाले हायेत. टेकडी कशी द्यावं तुमाले? खालचंबी ठेवावं का नाही, हा सवाल हाये."

मला माहीत होते की माझे सगळे त्या एका वाक्यात जात आहे. किशनचे येणे, आमचे घर, सगळे. आणि समोर, लोकांच्या मागे, इंद्रभान मान खाली घालून बसला होता.

मी उभी राहिले. पदर खांद्यावर होता तो डोक्यावर घेतलाच नाही. सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "याईनं गाडी खराब केली. चांगली चालत होती, उघडून काय केलं याईलेच मालूम. याईले भाऊ घरी नको हाये. वावर सगळं याईले पाह्यजे. इचारा! इचारा त्याईले तुमीच!"

सगळे इंद्रभानकडे पाहायला लागले. अश्वजित म्हणाला, "बोला ना इंद्रभानभाऊ."

तो उठला. ओठ हलले. मग माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही, पायाखाली पाहून त्याने दोन्ही हात जोडले आणि पारावरून उतरून गेला. भावजयीला लोकांत उत्तर द्यायचे नाही, हे त्याला बरे आठवले. त्याला काही बोलताच आले नाही, याचा मला आनंद झाला, असे लिहिते आहे. झाला का? झाला.

टेकडी फटाकेवाल्यांना गेली, म्हणजे फटाके फोडून जनावरे हाकलणाऱ्या टोळीला. खालचे शिवारही त्यांनाच. माझ्याकडे फक्त नाल्यापलीकडचा तुकडा राहिला, कारण तिकडे रस्ता नाही म्हणून फटाकेवाले जायला तयार नाहीत.

२३ डिसेंबर

सकाळी भागिरथा माझ्या दारात. अबोला मोडून. हातात झाडू तसाच, केस तसेच.

"लय मोठी झाली तू! गावात माह्या नवऱ्याची इज्जत काढली! त्यानं रात्री भाकर नाही खाल्ली."

"मंग बोलाचं होतं त्याईनं."

"कोणाशी बोलाचं? शेळीशी बोलू नको म्हन्लं तू, भितीशी बोलू नको म्हन्लं. नवऱ्याशी बोला म्हन्लं. बोलला ना तो! तीन खेपा फोन केला किशनले. तीन! 'तिले सांग, रोही गाडीले भेत नव्हते, त्या बाराले भेत होते. मीच तो बार बंद करून ठेवला, माहीच चूक झाली. हँडलवर एक बटन लावून देतो. दाबलं की ठिणगी बंद, पेट्रोल तसंच सायलेंसरात जाते, सोडलं की बार होते. गाडीची ताकतबी राहते अन् बारबी होते.' मी होती बाजूले. माह्या कानानं आयकलं. बटन आणून ठेवलं हाये दुकानात. तुह्या नवऱ्यानं हो बी म्हन्लं नाही, नाही बी म्हन्लं नाही. अन् घरधन्याच्या मर्जीबिगर भावजयीच्या गाडीले हात कसा लावाचा त्यानं?"

मी काहीतरी उलट बोलायला तोंड उघडले. जाऊबाईसमोर गप्प राहायची मला सवय नाही. पण मला त्या पहाटा दिसायला लागल्या. मी नाल्याच्या उतारावर, एक्सलेटर सोडलेले, बार, आणि पलीकडे पळणारा कळप. आणि मला वाटायचे माझ्या रुबाबाने पळतो.

"जाय," मी म्हणाले. "जाय येथून."

ती गेली नाही. मला रडताना पाहायला उभी राहिली. मी रडले नाही, मग गेली.

दुपारी किशनला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा लावला.

"दादानं बटनाचं सांगितलं होतं तुमाले?"

"हो... सांगणारच होतो."

"तीन खेपा सांगितलं. काहून नाही सांगितलं मले?"

"राह्यलं. कामाच्या गडबडीत."

"राखण गेली आपली."

आणि इथे मी त्याचा आवाज ऐकला. मी सात वर्षे संसार केला आहे, तो आवाज मला कळतो. तो म्हणाला, "जाऊ दे ना. बरं झालं. तू काहून तरास घेतं? मी पाठवतो ना दर महिन्याले." दगड उतरवून ठेवल्यावर माणूस बोलतो तसा.

"तुमाले याचंच नव्हतं," मी म्हणाले.

"तसं नाही. आता मले सुपरवायझर केलं, त..."

"कवा केलं?"

तो पगाराचे काहीतरी सांगायला लागला.

"कवा केलं म्हन्लं?"

"गणपतीत."

गणपतीत. म्हणजे दिवाळीला येतो म्हणाला त्याच्या आधी. टेकडी मिळाली तर येतो म्हणाला त्याच्या आधी. फोनवर सुपरवायझर पाहून राह्यला म्हणायचा, तोही हाच. मी रोह्यांमागे घसा फोडत फिरत होते, गावाशी भांडत होते, एका माणसाची अब्रू पारावर टाकली, ती या माणसाला घरी आणायला. आणि तो तिकडे नुसता वाट पाहत होता, माझे कधी फसते याची. माझे फसले की त्याला नाही म्हणायचीही गरज पडणार नव्हती.

मी फोन ठेवला. त्याने परत लावला नाही.

२४ डिसेंबर

रात्री झोप नव्हती, सकाळी डोके ठणकत होते. तरी बेडकी ढकलत त्यांच्या चुलीपर्यंत नेली. सुरू नाही केली. सुरू केली असती तर वाटले असते मी मिरवत आले.

इंद्रभान चहा पीत होता. भागिरथा भाकरी थापत होती. मी पदर घेतला आणि उभी राहिले. माफी मागायची होती. ती काही तोंडातून निघेना. मला हा माणूस अजून आवडत नाही. त्याचे ते सगळ्यांना शहाणे करणे आवडत नाही, आणि इतके दिवस मी त्याच्याबद्दल जे विचार केले तेही मला आवडत नाहीत. शेवटी मी भागिरथाला म्हणाले, "बाई, ते बटन लावून पाह्यजे."

भागिरथाने भाकरी उलटली. ती माझा निरोप पोचवणार नाही, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होते.

इंद्रभानने कप खाली ठेवला. मग बायकोला म्हणाला, "तिले सांग, किशन काही येत नाही. मले ठाऊक होतं. त्याच्या तोंडून निघावं म्हणून थांबलो. आता राखण बी नाही राह्यली. नाल्यापलीकडं दीड वावर. तिले इचार, बटन कोणासाठी लावाचं?"

भागिरथाने तोंड उघडायच्या आत मी त्याच्याकडे पाहून म्हणाले, "माह्यासाठी."

तो उठला आणि पाना शोधायला आत गेला.